इंच-डाया आणि मनुष्यतास : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कोकणपट्ट्यातून अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. कारखान्यातील पाइपलाइनच्या वेल्डिंगला आणि उभारणीला किती मनुष्यतास (एका माणसाचे एका तासाचे काम) लागतील, याचा अंदाज दर भरण्यापूर्वी कसा बांधावा, असे वाचकांनी विचारले आहे. लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव या औद्योगिक वसाहतींत पाइपची छोटी-मोठी कामे बारमाही निघतात आणि त्यांतली बरीच आसपासच्या कंत्राटदारांकडे येतात. म्हणून या पत्रांना एकत्रच उत्तर देत आहोत. पत्रांतील मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आमचे चिपळूणला फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. आजवर शेड, टाक्या, जिने अशी कामे केली. आता लोट्याच्या एका कारखान्याची चौकशी आली आहे. सहा इंची, शेड्यूल ४० (हा पाइपच्या जाडीचा वर्ग), कार्बन स्टीलची २४० मीटर लाइन टाकायची असून तिच्यात २८ एल्बो (वळणाचे तुकडे), ४ टी (तीन तोंडांचे तुकडे) आणि १२ फ्लँज (बोल्टने जोडायच्या तबकड्या) आहेत. बरीचशी लाइन चालू प्लांटमधून, सात मीटर उंचीच्या पाइप रॅकवरून (पाइप पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यावरून) जाते. सहा मीटरची नळी धरून आम्ही ४० जॉइंट, म्हणजे २४० इंच-डाया काढले. एक वेल्डर दिवसाला तीस इंच-डाया करतो असे सगळे सांगतात, म्हणजे आठ दिवसांचे काम झाले. हिशेब बरोबर आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपला भागाकार बरोबर आहे, पण ज्याला भागले तो आकडा चुकला आहे आणि ज्याने भागले तो आकडा या जागेचा नाही.

आधी जॉइंटची मोजणी पाहू. इंच-डाया म्हणजे पाइपचा इंचांतील नाममात्र व्यास गुणिले जॉइंटची संख्या. ही संख्या लांबीवरून काढायची नसते, ती आयसोमेट्रिक ड्रॉइंगवर (लाइन तिन्ही दिशांत दाखवणाऱ्या चित्रावर) पेन्सिलीने टिंब देत मोजायची असते. एल्बोला दोन तोंडे, टीला तीन आणि वेल्ड-नेक फ्लँजला एक. त्या हिशेबाने २८ एल्बोंचे ५६, ४ टींचे १२ आणि फ्लँजचे १२ असे ८० जॉइंट एकट्या फिटिंगचे होतात. पाइपला पाइप जोडणारे जॉइंट यात आलेले नाहीत. रॅकवरचा सरळ पट्टा दीडशे मीटरचा आहे असे धरले, तर त्यात २५ नळ्या आणि त्यांच्यामधले २४ जॉइंट येतात. काही ठिकाणी एल्बोच्या तोंडालाच फ्लँज लागतो. असा जॉइंट वरच्या मोजणीत दोनदा धरला गेलेला असतो. असे चार समजून वजा केले तरी १०० जॉइंट, म्हणजे ६०० इंच-डाया उरतात. आपण २४० धरले होते. चालू प्लांटमध्ये नवी लाइन जुन्या लाइनींना चुकवत, वळणे घेत जाते, त्यामुळे तिथे मीटरपेक्षा एल्बोच महाग पडतात.

आता तीस इंच-डाया हा आकडा कुठून येतो ते समजण्यासाठी एकच जॉइंट जवळून पाहावा लागेल. सहा इंची पाइपचा बाहेरचा व्यास १६८.३ मिलिमीटर आणि शेड्यूल ४० ची जाडी ७.११ मिलिमीटर असते. दोन्ही तोंडांना साडेसदतीस अंशांचा बेव्हल (तिरका उतार), दीड-पावणेदोन मिलिमीटरचा रूट फेस (तळाशी न उतरवलेली कड) आणि तीन मिलिमीटरची गॅप ठेवली, तर या संपूर्ण जॉइंटमध्ये भरावा लागणारा धातू कॅपिंगसह (सर्वांत वरच्या थरासह) सुमारे २०० ग्रॅम भरतो. टिगने (आर्गॉन गॅसच्या आच्छादनात होणाऱ्या वेल्डिंगने) रूट आणि हॉट पास, म्हणजे तळाचे पहिले दोन थर, घेऊन उरलेले ७०१८ जातीच्या ३.१५ मिलिमीटरच्या रॉडने भरले, तर प्रत्यक्ष आर्क पेटलेला राहण्याचा वेळ पंधरा ते वीस मिनिटांचाच असतो. आपण १७ मिनिटे धरू. हाताच्या वेल्डिंगमध्ये वेल्डरच्या एकूण वेळेपैकी आर्कचा वेळ साधारण पाव हिश्श्याचा असतो. बाकीचा वेळ स्लॅग काढणे, ब्रश मारणे, रॉड बदलणे, स्टार्ट-स्टॉप घासून घेणे आणि जागा बदलणे यांत जातो. म्हणजे एका जॉइंटला वेल्डरचा तासाहून थोडा जास्त वेळ जातो. वर्कशॉपमध्ये पाइप रोलरवर फिरतो, फिटरने पुढचा जॉइंट टॅक करून (वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडून) ठेवलेला असतो, पंखा आणि वीज हाताशी असते. तिथे दिवसाला पाच जॉइंट होतात. पाच सक तीस. आकडा खोटा नाही, पण तो वर्कशॉपमधल्या वेल्डरचा आहे, आणि तोही एकट्या वेल्डरचा. त्याच्या मागेपुढे काम करणारी माणसे त्यात धरलेली नाहीत.

म्हणून जॉइंटचे दोन भाग करावेत. जे जमिनीवर किंवा वर्कशॉपमध्ये स्पूल (पाइप आणि फिटिंग आधीच जोडून केलेला तुकडा) करून जोडता येतील ते शॉप जॉइंट, आणि जे जागेवरच मारावे लागतील ते फील्ड जॉइंट. आपल्या कामात ६५ आणि ३५ अशी विभागणी करता यावी. स्पूल जितके मोठे कराल तितके वरचे जॉइंट कमी होतात, परंतु तिन्ही दिशांना हात पसरलेला स्पूल टेंपोत बसत नाही आणि रॅकच्या दोन बीममधून वरही जात नाही. स्पूलची हद्द ठरवण्याआधी एकदा जागेवर टेप घेऊन फिरून यावे. ज्या फ्लँजला जुन्या नोझलशी (टाकीच्या किंवा यंत्राच्या तोंडाशी) जुळायचे आहे त्याच्याजवळ एक जॉइंट मोकळा ठेवून पाइप शंभर-दीडशे मिलिमीटर लांबच सोडावा. ड्रॉइंगमधले माप आणि जागेवरचे माप चालू प्लांटमध्ये फार क्वचित एक असते.

वर्कशॉपसाठी वेल्डर, फिटर, ग्राइंडरवाला आणि हेल्पर अशी चौघांची गँग धरा. वेल्डर एकटा पाच जॉइंट करत असला तरी कटिंग, बेव्हलिंग आणि फिट-अप (तोंडांची जुळवणी) धरून ही गँग चारच जॉइंट पुरे करील, असे मी धरतो. म्हणजे जॉइंटला आठ मनुष्यतास, ६५ जॉइंटना ५२०. रॅकवर मात्र सहा जण लागतात: वेल्डर, फिटर, ग्राइंडरवाला, दोन खलाशी, आणि खाली आग विझवण्याचे सिलिंडर घेऊन उभा राहणारा फायर वॉचर. या शेवटच्या माणसाच्या हातून एक इंचही काम होत नाही, पण त्याच्याशिवाय हॉट वर्क परमिट (ठिणग्या उडणाऱ्या कामाचा परवाना) मिळत नाही. वेल्डरला कमरेला हार्नेस बांधून, पाइप न फिरवता, निम्मा जॉइंट खालून डोक्यावर घेऊन मारावा लागतो. इथे दिवसाला दोन जॉइंट धरावेत. म्हणजे जॉइंटला २४ मनुष्यतास, ३५ जॉइंटना ८४०.

यानंतर उभारणी येते आणि नवीन कंत्राटदार नेमका इथे बुडतो. सहा इंची शेड्यूल ४० पाइपचे वजन मीटरला २८ किलोच्या थोडे वर असते. एक नळी १७० किलोची आणि सगळी लाइन पावणेसात टनांची. उभारणी इंच-मीटरमध्ये, म्हणजे व्यास गुणिले लांबी अशी मोजतात, त्या हिशेबाने आपले काम १,४४० इंच-मीटर आहे. जिथे हायड्रा क्रेन पोहोचत नाही तिथे चेन-पुलीने उचलून, बीमवरून सरकवत न्यावे लागते. सहा जणांच्या गँगने दिवसाला २० मीटर बसवले तर १२ दिवस, ५७६ मनुष्यतास. दर पाच-सव्वापाच मीटरवर एक याप्रमाणे ४५ सपोर्ट, प्रत्येकी सहा तास धरून २७०. परांची बांधणे, हलवणे आणि उतरवणे, २००. फ्लँजच्या बोल्टिंगला ३६. हायड्रो टेस्टसाठी (पाणी भरून घेतलेल्या दाबाच्या चाचणीसाठी) लाइनचे दोन भाग, म्हणजे लूप, प्रत्येक लूपला पाच माणसे आणि दोन दिवस, असे १६०. यात ब्लाइंड (तोंड बंद करणारी तबकडी) लावणे, पाणी भरून हवा काढणे, नंतर पाणी सोडून गास्केट बदलणे हे सारे आले. दुरुस्तीसाठी जॉइंटच्या तासांच्या पाच टक्के, म्हणजे ६८.

बेरीज २,६७० मनुष्यतास होते. बारा माणसे लावली तर अठ्ठावीस दिवस. आणि या २,६७० तासांत आर्क किती वेळ पेटलेला असेल? शंभर जॉइंट गुणिले १७ मिनिटे, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस तास; शंभरातला एक. आपण ज्याचा दर काढत होता तो हा एक भाग होता. रंगकाम, इन्सुलेशन, सुपरवायझर आणि स्टोअरचा माणूस यांचे तास मी धरलेले नाहीत. ते निविदेत कोणाकडे आहेत ते वाचून घ्यावे.

गँगच्या वेगाचे माझे आकडे चालू रासायनिक प्लांटसाठी, आठ तासांत सहा तास प्रत्यक्ष काम मिळेल असे समजून धरलेले आहेत. सकाळचे परमिट अकरा वाजता हाती आले, तर दोन फील्ड जॉइंटऐवजी एकच होतो आणि पगार सहा जणांचाच द्यावा लागतो. म्हणून कोटेशनमध्ये एक अट स्वच्छ लिहावी: परमिट, क्लिअरन्स किंवा मटेरियल यांच्या अभावी गँग बसून राहिल्यास त्या तासांची रोजच्या रोज संयुक्त नोंद होईल आणि अमुक दराने आकारणी होईल. कारखाना हे पैसे लगेच देईलच असे नाही, पण नोंदवहीवर रोज त्यांच्या इंजिनिअरची सही होऊ लागली की परमिटे लवकर मिळू लागतात.

प्रश्न : आमच्याकडे दर इंच-डायाला एकच ठरलेला असतो. कंपनी आता शेड्यूल ८० ची कार्बन स्टील लाइन आणि शेड्यूल १०-एसची स्टेनलेस स्टील लाइन त्याच दरात मागते आहे. 'इंच तेवढेच आहेत' असे त्यांचे म्हणणे. एकात तोटा आणि दुसऱ्यात फायदा होऊन बरोबरी होईल का? (एक कंत्राटदार, रोहा)

उत्तर : होणार नाही, दोन्हींत तोटाच होईल, फक्त कारणे वेगळी असतील.

शेड्यूल ८० चा सहा इंची पाइप १०.९७ मिलिमीटर जाडीचा असतो. शेड्यूल ४० च्या मानाने जाडी दीडपटीच्या थोडी वर गेली, पण बेव्हलची व्ही वर जाताना रुंद होत असल्याने भरायचा धातू दीडपट न होता सव्वादोनपट होतो. जिथे २०० ग्रॅम लागत होते तिथे साडेचारशेच्या आसपास लागतात, पासची संख्या वाढते आणि प्रत्येक पासनंतरचे ग्राइंडिंगही वाढते. फिट-अप, परांची, परमिट यांचे तास मात्र तेवढेच राहतात. त्यामुळे शेड्यूल ८० साठी सगळा दर सव्वादोनपट मागणेही बरोबर नाही. फक्त वेल्डर आणि ग्राइंडरवाला यांचे तास सव्वादोनपट करावेत, पाइपच्या वाढलेल्या वजनाप्रमाणे खलाशांचे थोडे वाढवावेत आणि बाकीचे तसेच ठेवावेत. वजन मीटरला २८ किलोवरून साडेबेचाळीस किलोवर जाते, हे विसरू नये.

स्टेनलेसचे गणित उलटे आहे. शेड्यूल १०-एसची सहा इंची नळी अवघी ३.४ मिलिमीटर जाडीची असते, धातू थोडकाच लागतो, आणि म्हणून ते काम सोपे वाटते. पण रूट मारताना आतल्या बाजूला आर्गॉन नसेल तर रूट काळा पडून फुलतो आणि जॉइंट कापावा लागतो. पर्जिंगचा, म्हणजे नळीतली हवा आर्गॉनने बाहेर काढण्याचा, वेळ कसा जातो ते पाहा. जॉइंटच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या सहा-सहा मीटरच्या असतील आणि डॅम (नळीच्या आत लावायचा आडोसा) न लावता दोन्ही टोके बंद करून पर्ज केले, तर आतली जागा सुमारे २४५ लिटर होते. आतली हवा नीट निघण्यासाठी त्याच्या पाचपट गॅस सोडायचा, आणि मिनिटाला १२ लिटर असा प्रवाह ठेवायचा, तर पहिला आर्क पेटण्यापूर्वी पावणेदोन तासांच्या आसपास थांबावे लागते. हेच जॉइंटच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटरवर डॅम लावले तर जागा १२ लिटरच उरते आणि पाच मिनिटांत काम सुरू होते. जिथून डॅम पुन्हा काढता येत नाही तिथे पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचा डॅम लावतात. तो हायड्रो टेस्टच्या पाण्याबरोबर निघून जातो. डॅमची किंमत पाहून जो काटकसर करतो तो वेल्डरला पर्ज होण्याची वाट पाहण्याचा पगार देतो.

याशिवाय स्टेनलेससाठी ग्राइंडिंग व्हील आणि ब्रश वेगळे ठेवावे लागतात, दोन पासमध्ये पाइप थंड होऊ द्यावा लागतो आणि शेवटी पिकलिंग (आम्लाने सफाई) करावे लागते. समुद्राकाठच्या प्लांटमध्ये शेवटचे टाळून चालत नाही. खारट हवेत उष्णतेने रंगलेला भाग लवकर गंजाचे डाग दाखवतो. हायड्रो टेस्टचे पाणी हाही वेगळा खर्च आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि स्टेनलेसच्या टेस्टसाठी क्लोराइडची मर्यादा बहुधा ५० पीपीएम घातलेली असते. टँकर मागवण्याआधी पाण्याचा रिपोर्ट हातात असावा.

आपण कंपनीला शेड्यूल ४०, शेड्यूल ८० आणि स्टेनलेस असे इंच-डायाचे तीन दर द्यावेत. एकच दर हवा असा त्यांचा आग्रह असेल, तर प्रत्येक प्रकारचे इंच-डाया निविदेत वेगळे छापून मागावेत आणि त्यांची भारित सरासरी काढावी. निविदेतला ऐंशी टक्के भाग शेड्यूल ४० चा आणि प्रत्यक्षात निघालेले काम शेड्यूल ८० चे, असे झाल्यास सरासरी दर बदलेल अशी एक ओळ सोबत असावी.

प्रश्न : वर्क ऑर्डर मेअखेर मिळेल आणि काम जूनमध्ये सुरू करा असे सांगतात. पावसाळ्यासाठी तासांत किती टक्के वाढवावेत? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सरसकट टक्के लावू नयेत. पावसाचा मार कामाच्या सगळ्या भागांवर सारखा बसत नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. छपराखाली होणाऱ्या शॉप जॉइंटना याचा फारसा त्रास नाही. तिथे रॉड ओव्हनमध्ये भाजून घेणे आणि दमट हवेत गंजलेले बेव्हल पुन्हा घासणे एवढेच वाढते. ७०१८ चा रॉड भाजून गरम पेटीतच जागेवर न्यायचा आणि पेटीबाहेर चार तासांपेक्षा जास्त राहू द्यायचा नाही, हा नियम एरवीही आहे, पण कोकणातल्या जुलैत तो मोडला तर एक्स-रेमध्ये पोरॉसिटी (वेल्डमधली वायूची बारीक छिद्रे) दिसायला वेळ लागत नाही.

फील्ड जॉइंटचे तास मात्र मी पावसाळ्यात दीडपटीने धरतो, आणि रॅक समुद्राच्या अंगाला उघडा असेल तर दुपटीने. प्रत्येक जॉइंटवर ताडपत्रीचा तंबू बांधायचा, टॉर्चने ओल उडवायची, वारा अडवायचा. टिगच्या गॅसला वारा अजिबात सोसत नाही. ताशी आठ किलोमीटरच्या पुढचा वारा असेल तर आडोशाशिवाय टिग करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि जयगडसारख्या उघड्या किनाऱ्यावर पावसाळी वारा त्याच्या कितीतरी पट असतो. ओल्या हातमोज्यांनी होल्डर धरणे जिवावर बेतू शकते, म्हणून कोरड्या हातमोज्यांच्या जादा जोड्या आणि पुरवठ्याच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा लीकेज ब्रेकर हा खर्च तासांत नसला तरी दरात असावा.

उभारणीचे तास वाढतात, कारण ओल्या बीमवरून खलाशी सावकाशच चालणार, आणि त्याला घाई करायला कोणी सांगूही नये. बहुतेक जण हायड्रो टेस्टचा विचारच करत नाहीत. पाऊस पडत असताना लाइन प्रेशरला धरली तर जॉइंटवरून ठिबकणारे पाणी आतले की आभाळातले हे इन्स्पेक्टरला सांगता येत नाही आणि तो सही करत नाही. टेस्टची तारीख उघडिपीवर सोडावी लागते आणि गँग मात्र राखून ठेवावी लागते. शक्य असेल तर स्पूल वर्कशॉपमध्येच टेस्ट करून घेण्याची परवानगी आधी मागून ठेवावी, म्हणजे वर फक्त फील्ड जॉइंटच तपासायचे राहतील.

गणपतीचे दिवस वेळापत्रकात आधीच सोडून द्यावेत. आपले फिटर आणि हेल्पर याच मातीतले असतील तर त्या आठवड्यात कोणी थांबत नाही, आणि थांबावे अशी अपेक्षाही करू नये. हीच गोष्ट फाल्गुनात शिमग्याची. परप्रांतीय वेल्डर त्या दिवसांत हजर असला तरी फिटरशिवाय तो रिकामा बसतो. हे दिवस तासांत धरायचे नसतात. काम पुरे करण्याच्या मुदतीत धरायचे असतात.

प्रश्न : एक्स-रेमध्ये जॉइंट नापास झाला तर त्याचे तास कसे धरावेत? आमच्या निविदेत पाच टक्के रेडिओग्राफी आहे. (एक सुपरवायझर, महाड)

उत्तर : पाच टक्के म्हणजे शंभरात पाच जॉइंट, एवढ्यावर थांबू नये. बी ३१.३ या प्रोसेस पाइपिंगच्या कोडप्रमाणे एक जॉइंट नापास झाला की त्याच वेल्डरचे आणखी दोन तपासावे लागतात. त्यांतला एखादा नापास झाला तर त्या प्रत्येकामागे पुन्हा दोन. तेव्हाही नापास निघाला तर त्या गटातले त्याचे सगळे जॉइंट तपासा किंवा कापा. म्हणून धोका टक्क्यांत नसतो, वेल्डरच्या नावात असतो. प्रत्येक जॉइंटशेजारी वेल्डरचा नंबर मार्करने लिहिला गेला आणि तो रजिस्टरमध्ये उतरला, तर नुकसान एका माणसाच्या कामापुरते राहते. तो लिहिला नसेल तर सगळ्यांचे काम संशयात येते. नव्या वेल्डरचे पहिले दोन-तीन जॉइंट लगेच फिल्मला पाठवावेत, निविदेत मागितले नसले तरी.

दुरुस्तीला मूळ जॉइंटपेक्षा जास्त तास लागतात: दोष शोधून घासणे, डीपी (रंगद्रव लावून भेग शोधण्याची चाचणी) करून तो पुरता गेला याची खात्री करणे, पुन्हा भरणे, पुन्हा फिल्म. उतरवलेली परांची पुन्हा बांधावी लागली तर ते वेगळेच. म्हणून फिल्मचा रिपोर्ट येईपर्यंत परांची उतरवू नये. रेडिओग्राफी बहुधा रात्री, परिसर रिकामा करून होते, तेव्हा रात्रपाळीसाठी दोन हेल्परांचे तास धरावेत.

प्रश्न : त्याच कामात तीन इंची स्टीम लाइनही आहे. तिचे तास प्रोसेस लाइनसारखेच धरावेत का? (एक वाचक, खेड)

उत्तर : हाताचे तास जवळपास तेवढेच, कागदाचे फार जास्त. स्टीमचा दाब ३.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर असेल, किंवा नळीचा आतला व्यास २५४ मिलिमीटरच्या वर आणि दाब १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर असेल, तर ती लाइन इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सच्या कक्षेत येते. ड्रॉइंगला बाष्पके संचालनालयाची मंजुरी, पाइप-फिटिंगची विहित प्रमाणपत्रे, प्रमाणित वेल्डर आणि निरीक्षकाची भेट हे सगळे लागते. साधा वेल्डर कितीही हुशार असला तरी या जॉइंटला हात लावू शकत नाही. निरीक्षक येईपर्यंत लाइन तशीच ठेवावी लागते, म्हणून तिचे वेळापत्रक स्वतंत्र करावे आणि प्रमाणित वेल्डर सगळे दिवस अडकून पडणार नाही असे तिचे जॉइंट सलग घ्यावेत.

प्रश्न : परदेशी पुस्तिकांत प्रत्येक व्यासासाठी आणि जाडीसाठी मनुष्यतास छापलेले असतात. ते आपल्याकडे वापरावेत का? (एक डिप्लोमा विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : प्रमाणासाठी वापरावेत, आकड्यासाठी नाही. सहा इंचीच्या मानाने दहा इंचीला किती पट, शेड्यूल ४० च्या मानाने १६० ला किती पट, हे गुणोत्तर त्यांत चांगले मिळते. पण त्या तक्त्यांत कोणते काम धरले आहे, हाताळणी आहे की नाही, किती उंचीपर्यंतचे आहे, हे तळटिपांत असते आणि ते न वाचता आकडा उचलला जातो. शिवाय तिथली दोघांची गँग आणि इथली सहा जणांची गँग यांचे तास एकास एक जुळत नाहीत.

आपल्याला शिकायचेच असेल तर एखाद्या साइटवर रोज संध्याकाळी एक ओळ लिहावी: लाइन नंबर, जॉइंट नंबर, शॉप की फील्ड, व्यास, जाडी, उंची, गँगमधली माणसे, परमिट मिळाल्याची वेळ, जॉइंट पुरा झाल्याची वेळ. परमिटच्या वेळेचा रकाना वगळू नये. तीन-चार महिन्यांची अशी वही कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा उपयोगी पडते, आणि नोकरीच्या मुलाखतीलाही ती सोबत न्यावी.

प्रश्न : अंदाज दोन महिन्यांचा दिला, तर कंपनी म्हणते दुप्पट माणसे लावा आणि एका महिन्यात द्या. मनुष्यतास तेवढेच राहतील ना? (एक कंत्राटदार, पेण)

उत्तर : वर्कशॉपमध्ये जवळपास तेवढेच राहतील, तिथे दुसरे टेबल, दुसरे वेल्डिंग मशिन लावता येते. रॅकवर मात्र वाढतील. एका बे-मध्ये (रॅकच्या दोन खांबांमधल्या गाळ्यात) दोन गँग एकमेकींच्या डोक्यावर काम करू शकत नाहीत, वरच्या गँगच्या ठिणग्या खाली पडत असताना खालच्या गँगला परमिट मिळत नाही, आणि हायड्रा एकच असतो. ओव्हरटाइमने भागवायचे म्हटले तर आठवड्याच्या ४८ तासांपुढच्या तासांना दुप्पट दर द्यावा लागतो, आणि दहाव्या तासाला मारलेला रूट सकाळच्या रूटसारखा नसतो. कंपनीला खरोखरच घाई असेल तर तिच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: सकाळी आठला परमिट, सगळे मटेरियल पहिल्याच आठवड्यात, आणि स्पूल जास्तीत जास्त मोठे करण्यासाठी रॅकचा एक बे क्रेनला मोकळा. या तीन मिळाल्या तर दोन महिन्यांचे काम दुप्पट माणसांशिवायही सहा आठवड्यांत बसवता येईल. एका महिन्यात बसवायचे तर रॅकवरच्या तासांत किमान एक चतुर्थांश वाढ धरून दर द्या.